बँकेत घालवलेला एक दिवस

रात्री फोनवर बायकोनं विचारलं, "आज काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "दिवसभर बँकेत होतो." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "तिथे कसलं खातं उघडताय या वयात?"

तर आधी खुलासा. लंडनच्या जुन्या शहराच्या, म्हणजे 'सिटी'च्या मधोमध, बँक ऑफ इंग्लंडच्या समोर, जमिनीखाली एक स्टेशन आहे आणि त्याचं नाव नुसतं 'बँक' आहे. भाची बाल्हमला राहते, तिचं ऑफिस याच भागात. तिच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. राजवाडा, मोठा घंटाघर-टॉवर, मेणाचे पुतळे हे सगळं पहिल्या आठवड्यात उरकलं. पण ३१ वर्षं डोंबिवली–सीएसएमटी अप-डाउन केलेल्या माणसाला राजवाड्यापेक्षा स्टेशनात जास्त करमतं, हे घरच्यांना कितीही विचित्र वाटलं तरी खरं आहे. त्यातून या स्टेशनाची नुकतीच मोठी डागडुजी झालेली. डागडुजी म्हणजे सुमारे ७० कोटी पौंडांची. सव्वाशे वर्षांचं चालतं स्टेशन, वर पुरातन इमारती, खाली रोजची गर्दी, आणि मध्ये नवं भुयार. आपल्याकडे एक पादचारी पूल रुंद करायला किती वर्षं लागतात ते पाहिलेलं असल्यामुळे हे बघायचंच होतं.

पहिली चूक माझी. मी रविवारी एकटाच निघालो. भाचीला म्हटलं, झोप तू, मी जाऊन येतो. वॉटर्लूहून बँकेला जाणारी 'वॉटर्लू अँड सिटी' नावाची छोटीशी लाइन आहे, दोनच स्टेशनांची. तिनेच जायचं असं ठरवून, छापील नकाशा हातात घेऊन मोठ्या रुबाबात गेलो, तर कुलूप. ती फक्त सोमवार ते शुक्रवार धावते. कचेरीला जाणाऱ्यांसाठी बांधलेली लाइन, कचेरी बंद तर गाडी बंद. बसने सिटीत पोचलो तर तिथेही शुकशुकाट. बहुतेक हॉटेलं बंद, रस्त्यावर फोटो काढणारे चार पर्यटक आणि मी. इमारतींचे फोटो हवे असतील तर रविवारसारखा दिवस नाही. स्टेशन बघायचं असेल तर मात्र आठवड्याच्या मधल्या वारीच जा, आणि सकाळी साडेनऊनंतर. साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात या गर्दीच्या वेळा. त्या वेळेत भाडंही जास्त आणि धक्केही.

मंगळवारी भाचीने रजा टाकली आणि आम्ही दोघं दहाच्या सुमारास वॉटर्लूला परत हजर झालो.

या छोट्या लाइनला तिथले लोक 'ड्रेन' म्हणतात. ड्रेन म्हणजे गटार! नाव ऐकून मी हसलो, पण आत शिरल्यावर पटलं. लहान गोल भुयार, लहान डबे, मध्ये एकही स्टेशन नाही, थेम्सच्या तळाखालून चार-पाच मिनिटांत पलीकडे. १८९८ मध्ये सुरू झाली. बाकी कुठल्याही रुळांना ती जोडलेलीच नाही. डब्यांचं मोठं काम निघालं की ते क्रेनने उचलून जमिनीवर काढावे लागतात. १९९४ पर्यंत ती भुयारी रेल्वेची नव्हतीच, मुख्य रेल्वेच्या ताब्यात होती.  हस्तांतराची नेमकी तारीख १ एप्रिल १९९४.

बँकेच्या बाजूला या लाइनच्या फलाटाचं नाव १९४० पर्यंत 'सिटी' होतं. म्हणजे शेजारच्या फलाटाचं नाव बँक आणि याचं सिटी, आणि दोन्ही एकाच चौकाखाली. इथून या स्टेशनाची सगळी गंमत सुरू होते.

बँक हे स्टेशन कुणी एकाने बांधलेलंच नाही. चार भाऊबंदांनी एकाच अंगणात आपापल्या विहिरी खणाव्यात, एकमेकांशी बोलू नये, आणि मग पुढच्या पिढ्यांना त्या विहिरी आतून जोडत बसावं लागावं, तसा हा प्रकार आहे. आधी १८८४ मध्ये दक्षिणेला 'मॉन्युमेंट' उघडलं, ते उथळ, वाफेच्या इंजिनांच्या काळातलं. मग १८९८ ची ही ड्रेन. मग फेब्रुवारी १९०० मध्ये दक्षिणेकडून आलेली 'सिटी अँड साउथ लंडन रेल्वे', जिला आज नॉर्दर्न लाइन म्हणतात. त्याच वर्षी जुलैत पश्चिमेकडून 'सेंट्रल लंडन रेल्वे'. सगळ्या खासगी कंपन्या, सगळ्यांची वेगळी तिकिटं, वेगळे रस्ते. शेवटी १९९१ मध्ये डॉकलँड्सकडून येणारी डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे), सगळ्यांच्या खाली. आज एकूण सहा लाइनी आणि दहा फलाट. मॉन्युमेंट आणि बँक १९३३ मध्ये सरकत्या जिन्यांच्या बोळाने जोडली गेली, म्हणून नकाशावर ती दोन नावांची एक जोडगोळी दिसते. नकाशावर बोटभर अंतर आहे. चालताना ते बोटभर राहत नाही.

ड्रेनमधून उतरल्यावर दोन वाटा आहेत. जुन्या वाटेने गेलात तर तिरका चढत जाणारा सरकता पट्टा लागतो. जिना नव्हे, सपाट पट्टा. १९६० मध्ये बसवलेला तेव्हा मोठं अप्रूप होतं, कारण त्याआधी ६२ वर्षं लोक हा चढ पायी चढत होते. दुसरी वाट वॉलब्रुक रस्त्यावर निघते, ती २०१८ च्या अखेरीस उघडली, तिथे लिफ्ट आहे. गुडघ्यांची तक्रार असेल तर ही घ्या. मी हट्टाने पट्टा घेतला, वर जाऊन चौक पाहिला, आणि मग वरूनच वॉलब्रुकला आलो.

वॉलब्रुक ही मुळात नदी. शहराच्या पोटात गडप झालेली. तिच्या काठी रोमन काळातलं मिथ्र देवाचं मंदिर होतं, ते १९५४ मध्ये खोदकामात सापडलं आणि आता एका वित्तकंपनीच्या नव्या इमारतीच्या तळघरात मूळ जागेजवळ पुन्हा मांडलंय. नाव 'लंडन मिथ्रियम', प्रवेश फुकट, सोमवारी बंद. आधी वेळ नोंदवून गेलात तर बरं. अंधार, धूसर प्रकाश आणि कुजबुज यांचा थोडा नाटकी प्रयोग करतात. मला तो नसता तरी चाललं असतं. वरच्या मजल्यावर मांडलेल्या सापडलेल्या वस्तू मात्र चुकवू नका. ओल्या मातीने चामडं आणि लाकूड टिकवून ठेवलंय. भुयार खणणाऱ्यांना या जमिनीत काय काय लागत असेल याचा तिथे अंदाज येतो.

तिथून चौकात परत. चौक म्हणजे आठ-नऊ रस्त्यांचा गुंता. एका अंगाला बँक ऑफ इंग्लंडची खिडक्या नसलेली भिंत, समोर रॉयल एक्स्चेंजचे खांब, तिसरीकडे लॉर्ड मेयरचं मॅन्शन हाउस. स्टेशनाची इमारत शोधाल तर सापडणार नाही, कारण नाहीच. इथली जमीन इतकी महाग की वर बांधायला जागा मिळालीच नाही. सगळं स्टेशन रस्त्याखाली आणि वर फक्त जिन्यांची तोंडं. आमच्या सीएसएमटीला घुमट, सिंह, मोर, वाघ सगळं आहे. इथे कठड्यावर एक निळी-लाल खूण.

एक अपवाद आहे आणि तो या सगळ्या सहलीत मला सर्वांत आवडला. लोम्बार्ड रस्त्याच्या कोपऱ्यावर सेंट मेरी वुलनॉथ नावाचं चर्च आहे. हॉक्समूर या वास्तुकाराचं, १७२७ मध्ये पुरं झालेलं, ठेंगणं, भरभक्कम, जोडमनोऱ्याचं. सिटी अँड साउथ लंडन रेल्वेला इथे स्टेशन हवं होतं आणि चर्च पाडायची तयारीही होती. लोकांनी आरडाओरडा केला. तोड निघाली ती अशी: चर्च राहील, पण त्याच्या खालचं दफनघर रेल्वेचं. तिथले मृतदेह काढून शहराबाहेरच्या दफनभूमीत नेले, भिंती आणि खांब पोलादी तुळयांवर तोलून धरले आणि देवळाच्या पोटात तिकीटघर आणि लिफ्ट बसवल्या. वर प्रार्थना, खाली तिकीट. आठवड्याच्या दिवशी चर्च बहुधा उघडं असतं, आत जाऊन पाच मिनिटं बसा. चौकोनी दालन, वरून येणारा उजेड. आपण एका स्टेशनाच्या छपरावर बसलोय असं अजिबात वाटत नाही. भाची रोज याच्या शेजारच्या जिन्याने उतरते. ती म्हणाली, "मामा, मला वाटायचं हे एखाद्या बँकेचं जुनं ऑफिस आहे."

रॉयल एक्स्चेंजच्या बाजूला, कॉर्नहिल रस्त्याच्या मधोमध, टोपी घातलेला आणि हातातल्या नकाशात डोकं घातलेला एक पुतळा आहे. हा ग्रेटहेड. भुयार खणणाऱ्यांचा हा विश्वकर्मा म्हणा. मऊ मातीत भुयार खणताना पुढे लोखंडी नळकांडं ढकलायचं, त्याच्या आडोशाने माणसांनी माती काढायची आणि मागोमाग लोखंडी कड्यांचं अस्तर बसवत यायचं. कल्पना आधीची, पण गोल आकाराचं, सुटसुटीत यंत्र बनवून ती रोजच्या वापराची करण्यात याचा मोठा वाटा. याच्या पद्धतीने १८९० मध्ये जगातली पहिली खोल भुयारी विजेची रेल्वे धावली, तीच ती सिटी अँड साउथ लंडन. (मुंबईत पहिली विजेची गाडी व्हीटी ते कुर्ला धावली १९२५ मध्ये, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.) गंमत अशी की पुतळ्याचा चौथरा पोकळ आहे. खालच्या स्टेशनाला हवा खेळवण्यासाठी १९९४ मध्ये इथे झडप हवी होती, ती उघडी दिसायला नको, म्हणून वर त्याला उभं केलं. ग्रेटहेड १८९६ मध्ये वारला. या चौकाखालचं एकही फलाट त्याने सुरू झालेलं पाहिलं नाही.

१८९० ची ती पहिली गाडी बँकेपर्यंत येत नव्हती. थोडं दक्षिणेला, किंग विल्यम स्ट्रीटवर संपत होती. आधी गाड्या दोराने ओढायचं ठरलं होतं, शिवाय खासगी घरांखालून भुयार नेलं तर भरपाई द्यावी लागेल म्हणून ते अरुंद रस्त्यांच्या वळणांवरून नेलं. परिणामी शेवटी तीव्र चढ आणि तीव्र वळण, नव्या विजेच्या इंजिनांना ते झेपेना. दहा वर्षांत, १९०० च्या फेब्रुवारीत, ते स्टेशन बंद करून बँकेमार्गे नवं भुयार काढलं. जुनं अजून जमिनीखाली आहे, युद्धात लोक तिथे बॉम्बपासून लपायला जात, पण आपल्याला आत जाता येत नाही. त्या काळचा एक डबा बघायचा असेल तर कॉव्हेंट गार्डनच्या परिवहन संग्रहालयात आहे. बाहेर बघण्यासारखं काही नाही म्हणून खिडक्या नावापुरत्या आणि पाठीला उंच गाद्या. लोक त्याला 'गादीवाली कोठडी' म्हणत. वेड्यांच्या इस्पितळातली, हे सांगायला नको.

जेवणाचं. भाची रोज ऑफिसजवळ उभ्यानेच सँडविच खाते, तसं आम्हीही खाल्लं. बसून जेवायचं असेल तर बारा ते दोनच्या मध्ये विचार सोडा, सगळी सिटी एकदम बाहेर पडते. दहा मिनिटांवर लेडनहॉल मार्केट आहे, रंगीत छताचा जुना बाजार, तिथे दीडनंतर जागा मिळते. तिथपर्यंत जाल तर शेजारची लॉइड्सची इमारत बघा, नळ-पाइप सगळे बाहेरून लावलेली. त्या जागी ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली, तो कारभार याच रस्त्यावरून चालायचा. दहा पौंड! त्या दिवशी आमची दोघांची सँडविचं आणि कॉफी त्याहून महाग पडली.

आता मुख्य गोष्ट, नवं काम.

मुळात अडचण काय होती ते भाचीच नीट सांगू शकली. नॉर्दर्न लाइनचे दोन फलाट आणि त्यांच्या मधला अरुंद बोळ. सकाळी गाडीतून उतरलेले लोक पुढच्या गाडीतून उतरणाऱ्यांच्या आत बाहेर पडू शकत नसत. कधी कधी तर दारंच बंद करून माणसं रस्त्यावर थांबवावी लागत. सेंट्रल लाइनला जायचं तर गोल जिना, त्यावर दोन्हीकडची गर्दी. बाहेर पडणं परवडलं, पण आतल्या आत गाडी बदलणं नको.

त्यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडला, कारण त्यात हातचलाखी आहे. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी पश्चिमेला नवं भुयार आणि नवा फलाट खणला, आणि गाड्या तिकडे वळवून जुन्या दक्षिणेच्या फलाटाचे रूळ काढून टाकले. म्हणजे जिथे १९०० पासून गाडी धावत होती ते भुयारच माणसांना चालायला मोकळं झालं. उत्तरेचा फलाट जिथे होता तिथेच. गाड्या या भागात इतर ठिकाणांच्या उलट, उजव्या हाताने धावतात, म्हणून नवा फलाट पश्चिमेला. रेल्वेत काम केलेला कुणी बरोबर असेल तर त्याला हे सांगा, त्याचा दिवस सार्थकी लागेल.

काम २०१६ मध्ये सुरू झालं. आर्थर स्ट्रीटवर एक विहीर खणून तिथून माती काढली. वर मॅन्शन हाउस, चर्च, जुन्या बँका, आणि त्यांच्या पायांखालून मशीन जाणार, म्हणून इमारती किती मिलिमीटर खचतात यावर सतत नजर ठेवलेली. काही इमारतींचे काँक्रीटचे पाय थेट वाटेत आलेले, ते कापून त्यांचा भार दुसरीकडे वळवला. नवं भुयार जुन्याला जोडायची वेळ आली तेव्हा मात्र लाइन बंद ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १५ जानेवारी २०२२ पासून मेच्या मध्यापर्यंत, सतरा आठवडे, केनिंग्टन ते मूरगेट गाडी नाही. १६ मे २०२२ ला नवा फलाट सुरू झाला. त्याच वर्षी पुढे डीएलआरकडचे सरकते जिने आणि सेंट्रल लाइनकडचा सरकता पट्टा, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅनन स्ट्रीटचं नवं प्रवेशद्वार.

सतरा आठवडे कसे काढलेस, असं मी भाचीला विचारलं. "केनिंग्टनपर्यंत ट्यूब, पुढे बस. पाऊस असला की रडू यायचं. पण आधीच तारखा सांगितल्या होत्या आणि सांगितल्या त्या दिवशी चालू झालं." या शेवटच्या वाक्यावर मी काही बोललो नाही.

कॅनन स्ट्रीटच्या दाराने आत जा, माझा हा आग्रह आहे. सगळ्या स्टेशनात ते एकच दार असं आहे की जिथून आत गेल्यावर आपण स्टेशनात आलोय असं वाटतं. उंच छत, रांगेने सरकते जिने, दोन टप्प्यांत थेट नॉर्दर्न लाइनच्या पातळीवर. लिफ्टही आहे. खाली पोचलात की लगेच फलाटावर जाऊ नका. डाव्या-उजव्या दोन फलाटांच्या मधलं रुंद, गोल छताचं दालन, तेच जुनं फलाटाचं भुयार. मी तिथे भिंतीला टेकून उभा राहिलो. गोलाई अजून कळते. लोक आपापल्या वाटेने जात होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तिथून जाणारी गाडी येत होती. भाची म्हणाली, "मी इथेच उभी राहायचे. नेमकी इथेच. पिवळी रेघ इथे होती." तिने बुटाने जागा दाखवली.

मग सेंट्रल लाइनकडे. ९४ मीटरचे सपाट सरकते पट्टे. त्यावर उभं राहायचं तर उजवीकडे, चालायचं तर डावीकडे, हा नियम जिन्यांवरही आहे आणि लोक तो देवाच्या नियमासारखा पाळतात. सामान घेऊन डावीकडे उभे राहू नका, मागून येणारा फक्त 'एक्स्क्यूज मी' म्हणेल, पण तो ज्या आवाजात म्हणेल तो लक्षात राहील.

सेंट्रल लाइनचा फलाट हे या स्टेशनाचं खरं खोड. इतका वाकडा की एका टोकाला उभं राहून दुसरं टोक दिसत नाही. इथेही तेच कारण. १९०० मध्ये भुयार रस्त्याखालूनच न्यायचं होतं, आणि बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोऱ्यांखालून तर कुणी जाऊ देणार नव्हतं. चौकातल्या रस्त्यांची वळणं जशीच्या तशी खाली उतरली. डबे सरळ, फलाट वाकडा, म्हणून मधल्या दारांपाशी वीतभराहून मोठी फट. १९६८ पासून लंडनच्या भुयारी स्टेशनांवर ऐकू येणारं 'माइंड द गॅप' इथे नुसता सोपस्कार नाही. ही सूचना आपल्याही लोकलमध्ये आहे, पण आपण ती ऐकत नाही. इथे ऐका. लहान मूल बरोबर असेल तर कडेवर घ्या. आणि सेंट्रल लाइनच्या फलाटावर लिफ्ट नाही. बाबागाडी, चाकाची खुर्ची किंवा मोठी बॅग असेल तर ही लाइन इथे टाळा. सगळं नवं झालं तरी जुना वाकडेपणा सरळ करता आलेला नाही. तो करायचा तर वरचं शहरच हलवावं लागेल.

याच भागात ११ जानेवारी १९४१ च्या रात्री बॉम्ब पडला. रस्ता फोडून तो थेट तिकीटघरात फुटला, हवेचा झोत सरकत्या जिन्यांवरून खाली फलाटांपर्यंत गेला. पन्नासहून जास्त माणसं गेली, त्यातली कितीतरी आसऱ्याला आलेली. वर चौकात एवढा खड्डा की त्यावर लष्कराच्या अभियंत्यांनी तात्पुरता पूल टाकला आणि वाहतूक त्यावरून चालवली.

परत फिरून डीएलआरच्या बाजूला जाताना, ड्रेनकडे जाणाऱ्या बोळात एक लाल रंगाचं जाड लोखंडी कडं दिसेल. बोळाला चौकटीसारखं आहे. लोक त्यातून रोज जातात. हे ग्रेटहेडचं यंत्र, ड्रेन खणताना वापरलेलं, आणि काम झाल्यावर तिथेच सोडलेलं. १९८७ मध्ये डीएलआरच्या कामात सापडलं. मी हात लावून बघितला. फोटो काढा, पण फ्लॅश आणि तिवई लावू नका, आणि बोळ अडवू नका.

एक महत्त्वाचं, ते इथे सांगतो कारण मला ते शेवटी कळलं. तिकीट म्हणून बँकेचं कार्ड किंवा ऑइस्टर हे लंडनचं प्रवासकार्ड वापरतो, आत जाताना आणि बाहेर येताना टेकवायचं. प्रत्येक माणसाला स्वतःचं कार्ड हवं, एका कार्डावर दोघं चालत नाहीत. भारतातल्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार लागू शकतो, ते निघण्याआधी आपल्या बँकेला विचारून ठेवा. पण मुद्दा वेगळा: आत किती वेळ थांबायचं याला मर्यादा आहे. प्रवासाला लागावा त्याहून खूप जास्त वेळ आत राहिलात तर सर्वांत जास्तीचं भाडं कापलं जातं. एकाच स्टेशनातून आत जाऊन तिथूनच बाहेर आलात तरीही गोंधळ होतो. म्हणून माझ्यासारखे भिंती न्याहाळत राहणाऱ्यांनी फेरी दोन तुकड्यांत करावी. सकाळी ड्रेनने येऊन बाहेर पडा, दुपारी कॅनन स्ट्रीटहून आत जा आणि गाडीने पुढच्या स्टेशनावर निघून जा.

मॉन्युमेंटचं राहिलं. नावाला कारण असलेला खांब बाहेर आहे, १६६६ च्या आगीच्या आठवणीचा, १६७७ मध्ये पुरा झालेला. २०२ फूट, ३११ पायऱ्या, वर चढून आलात की प्रमाणपत्र देतात. मी खाली बसलो, भाची जाऊन आली. गाडी बदलण्यासाठी मात्र डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल लाइनवरून सेंट्रलवर आतून जाऊ नका, भला लांबचा रस्ता आहे. नॉर्दर्न आणि डीएलआर चालतील, ती मॉन्युमेंटच्या टोकाला आहेत. एलिझाबेथ लाइन बँकेला येत नाही. तिच्यासाठी लिव्हरपूल स्ट्रीट किंवा मूरगेटपर्यंत पायी जा, दहाएक मिनिटं.

वेळ असेल तर शेवट डीएलआरने करा. ही विनाचालक गाडी आहे, त्यामुळे अगदी पुढचं आसन प्रवाशाला मिळतं. इथूनच सुटते म्हणून जागा पकडता येते. लुइशमकडे जाणारी घ्या. भुयारातून वर उजेडात येतानाचा क्षण पोरांपेक्षा मोठ्यांनाच जास्त आवडतो, असं माझं निरीक्षण. ग्रिनिचला उतरा. आम्ही हे दुसऱ्या दिवशी केलं, कारण मंगळवारी पावणेसहा झाले होते आणि माझे पाय संपले होते.

गर्दीच्या वेळेतच शेवटी नव्या फलाटावर पोचलो. रुंद आहे, उजळ आहे, गर्दी असूनही कुणाचा खांदा लागत नाही. भाची सरळ चालत गेली आणि एका ठरावीक जागी थांबली. कुठलीच खूण दिसत नव्हती. मला हे फार ओळखीचं वाटलं. डोंबिवलीला मी ३१ वर्षं एकाच खांबाजवळ उभा राहिलो.

"जुन्या फलाटावरची तुझी जागा तर गेली," मी म्हटलं. "इथे नवी शोधायला किती दिवस लागले?"

"दोन," ती म्हणाली, आणि गाडी येऊन दार बरोबर आमच्यासमोर उघडलं.